विस्तवाचं खापर

मी खापर बोलतोय. पण जरा थांबा, वारा कुठून सुटलाय ते आधी बघू द्या. दुपार कलली की मला स्वस्थ पडवत नाही.

जन्माने मी पाण्याचं मडकं. हातखंब्याजवळच्या एका वाडीत यमुनाबाईने मला आणलं. विहिरीच्या काठावर आपटून माझा गळा फुटला, पण बूड तिने टाकलं नाही. पाणी भरणारा मी विस्तव वाहू लागलो. चुलीतले निखारे माझ्यात घालायचे, वर राख पसरायची आणि मला शेतावर न्यायचं. वाटेत कोणीही थांबवून माझ्यावर बिडी पेटवायचा आणि थोटूक गवतात भिरकावून पुढे जायचा. माणसाला पेटवायची घाई असते, विझवायची कधी दिसली नाही.

शिमगा सरला की भाताच्या रोपांसाठी जमिनीचा एक तुकडा भाजतात, त्याला दाढ म्हणतात. शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या पसरायच्या आणि आग लावायची. यमुनाबाईची रीत पक्की. सकाळी, वारा पडलेला असताना, भोवतीचं गवत काढूनच ती हात घालायची. जवळ पाण्याची हंडी आणि ऐनाच्या हिरव्या डहाळ्या. सगळं झालं की राखेवर पाणी, माझ्यावर पाणी, आणि मग राखेवर उलटा हात धरून ती बसून राहायची. ऊब लागली की पुन्हा पाणी. म्हातारी राखेचा ताप बघते, म्हणून लोक हसायचे.

त्या वर्षी तीच तापाने अंथरुणाला खिळली होती. मुलगा भागोजी मुंबईच्या गिरणीतून रजेवर आलेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याची रत्नागिरीहून बोट. दाढ तेवढी भाजून जावं म्हणून त्याने भर दुपारी मला उचललं.

"बाला, आता नको. खारा वारा सुटलाय," यमुनाबाई आतून म्हणाली.

"आये, उद्या मी बोटीत आसन. मग कोन भाजनार?"

गवत त्याने काढलं होतं, म्हणून दाढ नीट भाजली. राखेवर पाणीही मारलं. पण तेवढ्यात हंडी रिकामी झाली. पुन्हा विहिरीवर कोण जाणार? माझ्यातले उरलेले निखारे त्याने बांधापलीकडे वाळक्या शेणावर ओतले, वर पायाने राख लोटली.

"इजला," म्हणाला आणि गाठोडं बांधायला घरी गेला.

विझला नव्हता. मी तिथेच उपडा पडलो होतो आणि शेजारचं शेण आतून धुमसत होतं. मला पाय असते तर मी त्याच्यामागे धावलो असतो.

वाऱ्याने राख उडवली. गवत पेटलं ते थेट शेजारच्या केरूच्या गोठ्याकडे. आत त्याची गाभण गाय बांधलेली. केरू बाजाराला गेलेला. त्याची बायको जनी कोयता घेऊन आत घुसली. गाय दावं ओढत होती, कोयता नीट लागेना. तेवढ्यात भागोजी धावत आला आणि त्याने शिंगांना धरलं.

"काप तू, मी धरलंय हिला."

गाय बाहेर आली आणि मागोमाग छप्पर बसलं. वाडीने डहाळ्यांनी झोडपून आग आवरली. गोठा गेला, गवताची उडवी गेली, जनीचे हात पोळले.

केरू आला. गाईच्या अंगावरून हात फिरवत राहिला. मग एकटाच जळके वासे बाजूला काढू लागला, आणि ते भागोजीला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनाबाई तशीच तापात बांधावर आली. मुलाचा हात उलटा करून तिने शेणाच्या राखेवर नेला.

"अजून ऊन हाय," भागोजी म्हणाला.

"मग पानी आन."

बोट त्याच्याविना गेली. तो केरूच्या गोठ्यासाठी वासे तोडायला राहिला.

आता यमुनाबाई नाही. घरात काडेपेटी आली आणि मी बांधावर पडून असतो. भागोजी दरसाल रजा काढून येतो, सकाळीच भाजतो, हात धरून बसतो. त्याची काळजी नाही. पण वाटेने जाणारा एखादा काडी ओढतो, जळकी तशीच टाकतो, आणि ती कुठे पडली हे शोधत माझी संध्याकाळ जाते.

बाबांनो, उठण्याआधी पाणी ओता. राखेवर उलटा हात धरा. ऊब लागली तर बसून राहा. बोट दुसरी मिळते.