नको लावलेले फोटो

खोडाळ्याच्या बाजारात उमेशचा फोटो स्टुडिओ आहे. पाटीवर ‘लग्न, वाढदिवस, शिरपामाळावर आउटडोअर’ असं लिहिलंय खरं, पण त्याचा निम्मा धंदा मेलेल्या माणसांवर चालतो. आता हे काही पाटीवर लिहिता येत नाही. पाड्यावर कुणी गेलं की घरचा एखादा माणूस येतो, काउंटरला टेकून उभा राहतो, बराच वेळ भिंतीवरचे नवरे-नवऱ्या बघतो आणि मग विचारतो, “भाऊ, आमच्या आजोबाचा फोटू असंल का तुझ्याकडं?” आजोबा जन्मात कधी स्टुडिओची पायरी चढलेला नसतो. पण कुणाच्या तरी लग्नात तो पंगतीला बसलेला असतो आणि नवरीच्या पाठीमागे त्याचं अर्धं तोंड आलेलं असतं. उमेश त्याला तिथून अलगद उचलतो, मागे निळं आभाळ घालतो, हौस असली तर कोट चढवतो. मग ज्यानं उभा जन्म चिखलात नागलीची रोपं लावली तो आजोबा साहेबासारखा भिंतीवर जाऊन बसतो.

म्हणून उमेश बिघडलेला फोटो पुसत नसे. कुणाचे डोळे मिटलेले, कुणी मध्येच आडवं गेलेलं, कुठे नवऱ्यापेक्षा वाढप्याच स्पष्ट, असे फोटो गिऱ्हाइकाला द्यायचे नसत. त्यांच्या नावाआधी तो ‘नको’ असं टाइप करून ठेवी. नको रोशनी हळद, नको भावेश वरात. गरिबाचा फोटो हा असाच निघतो, दुसऱ्याच्या फोटोत चुकून आलेला. पुढेमागे कुणी तो मागत आलं की उमेश ती फाईल शोधून काढी आणि ‘नको’ खोडून तिथे ‘दिवा’ लिही. त्या माणसापुढे घरात दिवा लागणार, म्हणून दिवा. व्यवस्था चांगली होती आणि तिच्यावर तो खूशही होता.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा कॉम्प्युटर कण्हायला लागला. जव्हारच्या धर्मेंद्रनं, जो मोबाईलपासून मिक्सरपर्यंत सगळं दुरुस्त करतो, तपासून सांगितलं की हा आता थोड्या दिवसांचा सोबती आहे, यातलं सगळं बांधून नव्या डिस्कवर ने. उमेशनं आणलेली डिस्क लहान निघाली. सगळं काही त्यात मावेना.

“मग नको ते वगळ,” धर्मेंद्र म्हणाला. त्यानं गठ्ठा बांधायचा प्रोग्राम उघडून दाखवला. त्यात एक चौकट होती, कुठल्या फायली आत घ्यायच्या त्याची, आणि दुसरी, कुठल्या बाहेर ठेवायच्या त्याची. “इथं नावाची सुरुवात लिही आणि पुढं स्टार टाक. स्टार म्हणजे पुढं काहीही असो. तेवढ्या सगळ्या फायली बाहेर राहतील, एकेक निवडत बसायला नको.”

उमेशनं आत घ्यायच्या चौकटीत सगळं घेतलं आणि बाहेर ठेवायच्या चौकटीत ‘नको’ लिहून पुढे स्टार टाकला. क्षणभर त्याचा हात थांबला होता, नाही असं नाही. पण जे गेले त्यांचे फोटो तर ‘दिवा’ होऊन वेगळे झालेच आहेत, मग उरलेल्या कचऱ्याला जागा कशाला अडवायची, असा त्यानं हिशेब केला. उरलेले म्हणजे जिवंत माणसं, आणि त्यांनाही कधी मरायचं आहे, हे या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. जुना कॉम्प्युटर धर्मेंद्रनं स्वस्तात ठेवून घेतला. उमेश नवी डिस्क खिशात घालून घाट चढला आणि त्या दिवशी त्याला फार हलकं वाटलं.

पाड्यावरचा जिवा आला तो फाल्गुनात, बाजाराच्या दिवशी. काउंटरला टेकून तो भिंतीकडे बघत राहिला, तेव्हाच उमेशनं ओळखलं.

“बस जिवादादा. चहा सांगू?”

“नको. चिमीचा फोटू पायजे होता.”

चिमी, जिवाची घरवाली, भादव्यात काविळीनं गेली होती. उमेशला ते ठाऊक होतं. पुलावरून पाणी चाललं होतं, जीप पलीकडेच थांबली आणि दवाखान्यात पोचेस्तोवर फार उशीर झाला.

“तेव्हाच का नाही आलास?”

“तवा कशाला येऊ? तवा ती डोळ्यासमोरच होती माझ्या.” जिवानं स्टुलावर बसत टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “आता पोरीचं, रविनाचं लगीन हाय वैशाखात.”

एवढ्यावर उमेशला पुढचं सगळं समजलं. या डोंगरात अशी जोडपी पुष्कळ आहेत. दोघं एकमेकांना पसंत पडली, घरच्यांनी मान हलवली की संसार सुरू होतो. लग्नाचं जेवण घालायची ऐपत येईल तेव्हा लग्न. दरम्यान वीटभट्टीवर जाणं-येणं चालू राहतं, पोरं होतात, ती शाळेत जातात, आणि मग लेकीचं ठरलं की आधी आईबापाला हळद लागते. एकाच मांडवात पहिल्यांदा त्यांचं लग्न, मग लेकीचं. त्यात कुणाला लाजबीज वाटत नाही. जिवा आणि चिमीचं लग्न तसंच बाकी होतं.

“मांडवात आमचा दोघांचा फोटू लावायचा,” जिवा म्हणाला. “नवरा-नवरीसारखा. तिला मुंडावळ्या लाव, मला बी लाव. रविना म्हणते, आईला हळद लागल्याबिगर मी पाटावर बसणार नाय. तर त्या फोटूला हळद लावू. तुला येतं ना तसं, दोन माणसं एकठी करायला?”

“न यायला काय झालं? चिमीवहिनीचा एखादा आणलास?”

जिवानं खिशातून आधार कार्ड काढलं. त्यावरचा फोटो सगळ्यांचा असतो तसाच होता. मोठा करून पाहिला तर नुसते काळे-पांढरे ठिपके उरले. रविनाचा मोबाईल भट्टीवर चोरीला गेला होता. त्यातही चिमी फारशी नव्हती. कॅमेरा समोर धरला की तोंडावर पदर घेई.

“काही बिघडत नाही,” उमेश म्हणाला. “रोशनीच्या लग्नात आहेत त्या. मीच काढलेत.”

त्याला ते लग्न लख्ख आठवत होतं. रोशनी चिमीची भाची. नवरी पाटावर बसली आणि मावशी सारखी फ्रेममध्ये घुसत होती, कधी तिच्या मुंडावळ्या नीट करायला, कधी घाम टिपायला. उमेश वैतागून ओरडला होता, “वहिनी, बाजूला व्हा, तुमचाच फोटो निघतोय.” तशी ती कॅमेऱ्यात सरळ बघून हसली होती. “आमचं लगीन लागंल तवा काढ माझा. तवा बग, हालायची नाय मी.” ते हसणं त्यानं नेमकं टिपलं होतं. मागे नवरी पूर्ण झाकली गेली होती, म्हणून अर्थातच...

उमेशनं डिस्क जोडली आणि रोशनी शोधलं. रोशनी हळद, रोशनी पाट, रोशनी वरात. सगळे फोटो कसे स्वच्छ होते. कुणी आडवं गेलेलं नव्हतं, कुणाचे डोळे मिटलेले नव्हते. तो खाली खाली जात राहिला आणि शेवट आला तसा त्याला बाहेर ठेवायची ती चौकट आठवली.

“पुढच्या बाजाराला ये दादा,” तो म्हणाला. “शोधायला वेळ लागेल.” खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शटर न उघडता त्यानं जव्हार गाठलं. धर्मेंद्रला जुना कॉम्प्युटर आठवायलाच वेळ लागला. त्याची डिस्क केव्हाच भंगारात गेली होती, उरलेलं कुठल्याशा क्लासवाल्यानं नेलं होतं. उमेशनं तिथल्या स्टुलावर बसून ‘नको’च्या फोटोंचं सांगितलं.

“अरे, पण तूच तर वगळलंस,” धर्मेंद्र म्हणाला. “मी काय केलं त्यात?”

“एक फोटो पाहिजे होता रे त्यातला. एकच.”

“स्टारला काय कळतंय भाऊ, कोण कुणाची कोण. नको सांगितलं की त्याला सगळं सारखंच नको.”

त्याच्याशी भांडावं असं उमेशला फार वाटत होतं, पण भांडायला धागाच नव्हता. तो तसाच परत फिरला. घाटात त्याला रडू आलं. बायाबापड्यांनी भरलेल्या जीपमध्ये त्यानं तोंड खिडकीकडे केलं, आणि शेजारची म्हातारी थोडी सरकून बसली.

माणूस अडचणीत सापडला की त्याची अक्कल वाकड्या वाटेनं चालू लागते. चिमीची थोरली बहीण रामी, म्हणजे रोशनीची आई, हिचे फोटो होते. बहिणी-बहिणींचा तोंडवळा एकच. उमेशनं रामीचे गाल थोडे आत घेतले, वय उतरवलं, कपाळाला मुंडावळ्या बांधल्या. काम झकास जमलं. कुणी म्हटलं नसतं की ही चिमी नाही. पुढच्या बाजाराला जिवा आला तेव्हा तो फोटो पडद्यावर तयार होता.

“सापडली का ती?” दारातूनच जिवानं विचारलं.

त्यानं ‘फोटो सापडला का’ विचारलं असतं तर उमेश कदाचित ते पाप करून बसला असता. त्यानं पडदा बंद केला.

“नाही सापडली, दादा. माझ्याच हातनं गेली.” मग त्यानं सगळं सांगितलं. कॉम्प्युटर, लहान डिस्क, दोन चौकटी. सांगताना त्याला वाटत होतं, याला यातलं काय कळणार. पण जिवाला बरोबर कळलं.

“म्हंजी तिच्या नावापुढं तू नको लिवलंस.”

“तिच्या नाही दादा. फोटोच्या.”

“त्या फोटूत तीच होती ना?”

जिवा रागावला असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या दिल्या असत्या तर उमेशनं त्या खाऊन पचवल्या असत्या. पण तो टोपी हातात घेऊन तिचं मोडकं टोक वळवत राहिला. बाहेर सुकी मासळीवाली ओरडत होती, कुणीतरी कोंबड्याचा भाव पाडत होतं.

“बाकीचे तरी दाखव,” जिवा म्हणाला. “रोशनीच्या लग्नाचे. तिचे पाय तरी दिसतील कुठं.”

दोघं स्टुलं जवळ ओढून बघायला लागले. उमेश एकेक फोटो पुढे सरकवत होता आणि मनात स्वतःला शिव्या घालत होता. किती निवडून काम केलं होतं त्यानं. प्रत्येक कोपरा साफ, प्रत्येक कडा कापलेली. पाटावरचा रोशनीचा एकटीचा फोटो आला तसा जिवानं त्याचं मनगट धरलं.

“थांब.”

“ही रोशनी, दादा.”

“रोशनी दिसते मला. ह्यो हात कोनाचा?”

रोशनीच्या उजव्या खांद्यावर एक हात होता. मागे उभी असलेली बाई उमेशनं कापून टाकली होती, पण हात कापला तर नवरीचा खांदाही गेला असता, म्हणून तो राहिला होता. अल्बममध्ये तो कुणाला खटकलाही नव्हता. मनगटात हिरव्या बांगड्या, त्यांच्या वर हातावर गोंदणाचे ठिपके, आणि करंगळी जरा वाकडी.

“भट्टीवर वीट पडलेली करंगळीवर,” जिवा म्हणाला. “नीट बसलीच नाय मग.” त्यानं पडद्याला बोट लावलं नाही, फक्त जवळ नेलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. उमेशनं हळूच तो हात मोठा केला. ठिपके फुटले नाहीत. फोटो चांगला होता, स्वच्छ होता, त्यावर ‘नको’ नव्हतं.

“एवढा काढता येईल का वेगळा?” जिवानं विचारलं.

“येईल. पण नुसता हात मांडवात कसा लावणार, दादा?”

“नुसता नको. रोशनीच्या खांद्यावर हाय तसा माझ्या खांद्यावर ठेव. मी बसतो. ती मागं उभी हाय, फोटूत मावली नाय, असं समजतील लोक. हळद त्या हाताला लावू. नवरीच्या हाताला लावतातच की आधी.”

उमेशनं मागचा पडदा खाली सोडला, दिवे लावले. पेटीतून मुंडावळ्या काढून त्यानं स्वतः जिवाच्या कपाळाला बांधल्या. जिवानं सदऱ्याची वरची गुंडी लावली, मोडकं टोक खाली वळवून टोपी डोक्यावर घातली आणि स्टुलावर बसला.

कॅमेऱ्यातून पाहिलं तर तो एका अंगाला झुकला होता. उजवा खांदा चांगलाच खाली गेला होता, हातभर पोकळ जागेकडे कललेला.

“दादा, खांदा वर घे. सरळ बस.”

“राहू दे असाच,” जिवा म्हणाला. “ती ठेंगणी होती. हात पोचाया पायजे तिचा.”

उमेशनं बटण दाबलं.