ठिगळाचा कौल

आमांच्या डोळ्याला ठिगळ लावावं लागेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा आमांनी एकच प्रश्न विचारला, "कुणाचं?"

आमा म्हणजे माझ्या सासूबाई. त्रांग शहराच्या सकाळच्या बाजारात त्यांचं भाजलेल्या डुकराचं दुकान. अख्खा बाजार त्यांना आमा म्हणतो आणि अख्खा बाजार त्यांना वचकून असतो. काचबिंदूने त्यांचा डावा डोळा कधीच गेला होता. तेव्हा म्हणाल्या होत्या, मला एक पुरतो, दोन तुमच्यासारख्यांना लागतात. आता उजव्यातला दाबही थेंबांना जुमानेना. डोळ्यापुढे धुकं आलं. मांस कापताना खालची फळीही तासली जाऊ लागली, आणि गिऱ्हाइकं लाकडाचे ढलपे मुकाट्याने बशीच्या कडेला ठेवू लागली. आमांना सांगणार कोण?

डॉक्टर नारुमोन माझ्याहून लहान, पण चिवट बाई. डोळ्यात एक बारीक नळी बसवायची, आतलं जास्तीचं पाणी तिच्यातून झिरपेल, दाब उतरेल, इतकं आमांनी निमूट ऐकलं. पण नळी पापणीखाली घासत राहते, घासून घासून वरचा पापुद्रा फाटतो, आणि तिथून जंतू आत शिरतात. म्हणून नळीवर ठिगळ.

"गाईचं," बाई म्हणाल्या. "तिच्या हृदयाभोवती पातळ पिशवी असते, तिचा तुकडा. अगदी निर्जंतुक करून येतो."

मी कपाळाला हात लावला. आमा क्वान-इम देवीच्या भक्त. आमच्या घरात डुकराच्या शेपटीपासून कानापर्यंत सगळं शिजतं, पण गोमांस उंबऱ्याच्या आत येत नाही.

"बाई, देवीचे वडील पुढच्या जन्मी बैल झाले होते," आमा म्हणाल्या. "त्यांना मी डोळ्यात कोंबू?"

"आमा, खायचं नाहीये. नुसतं लावायचंय."

"तोंडापासून डोळा काय दुसऱ्या गावाला आहे?"

बाई माझ्याकडे बघू लागल्या.

"डुकराचं नाही का? डुकराने मला आजवर कधी दगा दिला नाही."

"तुम्हीच त्याला दिलात," मी म्हटलं.

"तू गप गं, साईपिन."

डुकराचं नव्हतं. माणसाचं होतं. कुणीतरी दान केलेल्या डोळ्याच्या पांढऱ्या भागाचा तुकडा. हे ऐकून आमांचा चेहरा खुलला. डोळे देणं म्हणजे केवढं पुण्य. मग एकदम त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"को हुआत," त्या म्हणाल्या.

को हुआत म्हणजे आमच्या समोरच्या कॉफीच्या दुकानाचा मालक. त्याची टेबलं आमच्या हद्दीत येतात, यावरून त्याचं नि आमांचं भांडण माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचं. सोंगक्रानच्या सणाआधी तो गेला. डोळे दान करणार हे त्याने बाजारात इतक्यांदा सांगितलं होतं, की तो गेल्यावर लोकांना आधी तेच आठवलं.

"त्याचा तुकडा माझ्या डोळ्यावर?" आमा म्हणाल्या. "सारखा म्हणायचा, माझ्या मांसात चरबी जास्त. आता आत बसून रोज तपासणार?"

"ते ठिगळ आहे, आमा. ठिगळाला दिसत नाही," मी म्हटलं.

"त्याला जिवंतपणीही दिसत नव्हतं. माझ्या चुका तेवढ्या बरोब्बर दिसायच्या."

तुकडा बँकॉकहून येतो, कुणाचा ते मलाही कळत नाही, असं बाईंनी परोपरीने सांगितलं. शेवटी त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या. "आमा, गुरुवारी ऑपरेशन करूया. लांबवलंत तर उरलंय तेही जाईल. आणि गेलेली नजर मी परत आणू शकत नाही."

घरी माझ्या नवऱ्याने आईला समजावलं. म्हणजे तो म्हणाला, "आई," आणि त्या म्हणाल्या, "गप." समजावणं संपलं.

मग आमांनी ठरवलं, देवीला कौल लावायचा.

आमच्या देवळातल्या कौलाचे दोन लाकडी तुकडे असतात, अर्ध्या चंद्रासारखे, एका बाजूने सपाट, दुसरीकडून फुगीर. ते ओंजळीतून जमिनीवर टाकायचे. एक सपाट नि एक फुगीर बाजू वर आली तर होकार. दोन्ही सपाट वर आल्या तर देवी हसली, प्रश्न नीट विचारा. दोन्ही फुगीर वर आल्या तर नकार, आणि मग घरी जायचं.

आमा गुडघ्यांवर बसल्या. स्वतःचं नाव, गल्ली, दुकान सगळं सांगून त्यांनी माणसाच्या ठिगळाचं विचारलं आणि तुकडे टाकले.

"काय पडलं?" त्यांना जमिनीवरचं दिसत नव्हतं.

"हसली."

"हसणारच. को हुआतचं नाव घेतलं ना मी." त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी त्याचं नाव न घेता. तुकडे पडले. दोन्ही फुगीर बाजू वर.

मी देवीकडे पाहिलं. मग आमांकडे. त्या मान वर करून बसल्या होत्या, धुरकटलेला डोळा भलतीकडेच लागलेला. माझं नि त्यांचं एक दिवस पटलं नाही. पण ही बाई उद्या भिंत चाचपडत चालणार, हे मला बघवलं नसतं.

"होकार," मी म्हटलं, आणि तुकडे उचलून जागेवर ठेवले.

गुरुवारी ऑपरेशन झालं. महिन्या-दोन महिन्यांनी दाब उतरला, धुकं निवळलं. उरली होती तेवढी नजर राहिली. आमा खाली बघायच्या तेव्हा वरच्या पापणीआड फिकट चौकोन दिसायचा. त्या म्हणायच्या, भाडेकरू गरीब आहे, बोलत नाही. को हुआतच्या मुलाच्या दुकानात त्या कॉफीही पिऊन आल्या, आणि कॉफी पाणचट आहे असं सांगून आल्या.

एका सकाळी गर्दी ओसरल्यावर त्या सुरी पुसत म्हणाल्या, "चल, देवळात जाऊ. तुझं पाप फेडायला."

"कसलं पाप?"

"होकार पडला की एक तुकडा फुगीर बाजू खाली करून पडतो. तो जरा वेळ डुलतो. टक टक वाजतं. त्या दिवशी दोन्ही धपकन पडले नि गप्प झाले. डोळा गेला होता माझा. कान नाही."

माझ्या हातातलं फडकं तिथेच राहिलं. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मलाही आंधळं व्हायचं नव्हतं ना गं," त्या म्हणाल्या. हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं, की मला दुसरीकडे बघावं लागलं.

देवळात त्यांनी मलाही शेजारी गुडघ्यांवर बसवलं. "देवी, ही माझी सून साईपिन. हिच्या जिभेला हाड नाही, स्वयंपाकात मीठ नाही. तुझ्यासमोर खोटं बोलली. हिला क्षमा केलीस का?"

तुकडे पडले. धपकन. दोन्ही फुगीर बाजू वर.

आमा वाकल्या. ठिगळाचा डोळा जमिनीजवळ नेऊन त्यांनी ते तुकडे चांगले निरखून पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं, सरळ.

"होकार," त्या म्हणाल्या. "ऊठ, दुकान उघडं पडलंय."

मी उठले. एवढ्या वर्षांत सासूबाईंनी पहिल्यांदाच माझी बाजू घेतली होती, आणि तीही प्रत्यक्ष देवीच्या विरुद्ध.