एकही खड्डा सोडायचा नाही

परदेशी कंपन्या आपल्या नव्या गाड्या इथे आणून का पळवतात, यावर आमच्या टॅक्सी स्टँडवर रोज डोकेफोड चालायची. कुणी म्हणे, तिकडे ऊन नाही. कुणी म्हणे, तिकडे बंद पडली तर शेजारी हसतात, इथे ओळखतंय कोण. माझा नवरा शिंपी. तो म्हणे, अंगावर चढवल्याशिवाय कुठे उसवतं ते कळत नाही. मी म्हटलं, कशाला का आणेनात, मला चालवायला मिळाली म्हणजे झालं. माझी टॅक्सी भंगारात गेली होती आणि त्यांना ड्रायव्हर हवा होता. ही नोकरी मला काहीही करून हवी होती.

नोकरीआधी एक फेरी मारून दाखवायची होती. गाडी ओळखू येऊ नये म्हणून तिला काळीपांढरी नक्षी चिकटवलेली, त्यामुळे अख्खा रस्ता वळून बघत होता. शेजारी इंजिनिअर, मांडीवर लॅपटॉप. मागे दुभाषी बाई आणि मला धीर द्यायला आलेला नवरा. रस्ता त्यांनीच निवडला, शहरातला सगळ्यात भिकार. मी जीव ओतून चालवली. कुणाच्या पोटातलं पाणी हलू दिलं नाही.

इंजिनिअरचं तोंड उतरलं.

"ते विचारताहेत," दुभाषी म्हणाली, "खड्डे कधी येणार?"

"आत्ताच संपले की."

"अहो, गाडी खड्ड्यात घालायची होती. काय मोडतं तेच बघायला आलेत ते."

मग आधी सांगायला काय झालं होतं? परत फिरले. खड्डा आला, मी दात आवळले, आणि मेले हात आपोआप वळले. पुढच्यालाही तेच. नोकरी हातची चालली होती, मला रडूच कोसळलं.

"अगं, मी बघू का जरा?" मागून नवरा म्हणाला.

या माणसाने आयुष्यात एक खड्डा सोडलेला नाही, म्हणून मी त्याला कधी स्टिअरिंगला हात लावू देत नाही. आम्ही जागा बदलल्या. धाडकन माझं डोकं छताला, दुभाषीचा चष्मा माझ्या मांडीत. आरसा निखळला, दार लोंबायला लागलं, इंजिनिअर टाळ्या पिटत होता. मीही हसत सुटले, डोळ्यांतलं पाणी तसंच.

नोकरी अर्थात त्याला लागली. माझा नुसता जळफळाट झाला. पण ते धूड परत कोण नेणार? नवऱ्याने गळ्यातल्या मापाच्या टेपने दार बांधलं, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मागे जाऊन बसला. मी आणखी एकही स्क्रू न सांडता गाडी कंपनीच्या फाटकात आणून उभी केली.

इंजिनिअरने आम्हा दोघांकडे बोट दाखवून दुभाषीला काहीतरी सांगितलं.

"दोघांनाही घेताहेत," ती म्हणाली. "जाताना यांनी मोडायची, येताना तुम्ही सांभाळून आणायची."

"म्हणजे घरी चालतं तसंच," नवरा म्हणाला.