कडी बाहेरून होती

भाताच्या रोवणीच्या दिवसांत करडी गावाच्या पल्याडची ती तलावकाठची वस्ती सकाळी सातलाच रिकामी होते. कुलूप कोणी लावत नाही. कुलूप लावण्याजोगं घरात असतंच काय? नुसती बाहेरून कडी. पुरुष तलावावर, बाया बांधीतल्या, भातखाचरातल्या चिखलात, आणि श्रावण असला तर म्हातारी माणसं देवळातल्या पोथीला. मागं राहतात त्या कोंबड्या, शेळ्या आणि ज्यांना अजून धड चालता येत नाही अशी लेकरं.

राखीची रंजू दीड वर्षाची. दोन दात वर, दोन खाली, आणि शब्द मोजून तीन : आई, मम आणि मासा. बाप कुलदीप पहाटे तलावातून मासोळ्या घेऊन निघाला की सायकलवर गावोगाव फिरून दिवस कलल्यावर घरी येई. आला की रंजू त्याच्या टोपलीत हात घालून "मासा, मासा" करी.

त्या सोमवारी राखीनं रंजूला पाठीशी बांधून रोवणीला नेलं होतं. शेताच्या कडेच्या धुऱ्यावर पळसाच्या सावलीत बसवली, अंगावर छत्री उघडून ठेवली. तासाभरात पाऊस आला. पोरगी भिजली, रडली, आणि रडता रडता धुऱ्यावरून घसरून गुडघाभर पाण्यात बसली. राखी हातातले भाताचे परे टाकून धावली.

बायांची टोळी चालवणारी रिता तोंडाची फटकळ, पण मनानं वाईट नव्हती. तिनं कमरेवर हात ठेवले. "वो राखी, पोट्टी संग आणणारी बाई म्हणजे अर्धी बाई. माही टोळी ठेक्यावर हाये. उद्या एकलीच येजो, नाई तं घरीच राहाजो."

"ठेवू कोणापाशी, बाई?"

"मले काहून पुसतेस? मी माहे तीन पोरं कशी वाढवली, मलेच मालूम."

अंगणवाडीतल्या बाईंनी रंजूचं वजन केलं, खाऊचं पाकीट दिलं, आणि कळवळून म्हणाल्या, "बसवायला तीन वर्षं पूर्ण लागतात गं. तोवर माझा इलाज नाही." तुमसरला एक पाळणाघर आहे म्हणतात, भिंतींवर ससे-हत्ती रंगवलेलं. पण तिथली महिन्याची फी भरायची तर राखीची सगळी रोवणी तिथंच रोवावी लागली असती. सासू सखाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. रांगतं पोर आणि फिरती कोंबडी तिला सारखीच दिसे. राहता राहिला बाप. पण वाचकहो, बापानं चार दिवस पोर सांभाळावं हे त्या घरात कोणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नाही. तुमच्या घरात येतं काय?

आणि समोरच्याच दारात चंद्रकांता बसलेली असे.

चंद्रकांता चाळिशीची. पोर झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, आणि हिला बपेऱ्याच्या सासरहून माहेरी आणून सोडलं. दिवसभर दारात बसून ती लोकांची फाटकी जाळी सांधे. मधे महिनाभर अंगणवाडीत मदतनीस म्हणून गेली होती. लेकरं तिच्या अंगाखांद्यावरून उतरत नसत. मग कोणाच्या तरी पोराला हगवण लागली, बायांची कुजबुज सुरू झाली, आणि कोणी "जा" म्हणण्याआधी तीच निघाली. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नाही. बारशाच्या दिवशी तीच आपलं दार लावून घेई.

सोमवारी संध्याकाळी राखी तिच्या उंबऱ्यापाशी गेली.

"काकी, रंजूले ठेवून घेसाल काय? रोवणी सरेपावेतो?"

चंद्रकांताच्या हातातली जाळ्याची सुई थांबली. मग एकामागून एक विचारत सुटली. "काय खाते? भात कुस्करून का सबूत? झोपते कवा? पडली तं रडते का आपलीच उठते? कायले भेते?"

राखीला भडभडून आलं. इतक्या जणांपाशी जाऊन आली, पण पोरीबद्दल एकानंही काही विचारलं नव्हतं. तिनं आत नजर टाकली. शेणानं सारवलेली लख्ख जमीन, चूल ओट्यावर, पाण्याची गुंडी उंच आणि झाकलेली, आढ्याला जुन्या जाळ्याचा झोपाळा. तो झोपाळा कोणासाठी बांधला होता, हे विचारण्याचं धाडस राखीला झालं नाही.

"द्यायचं काय, काकी?"

"मूठभर तांदूळ देजो. नाई देल्ला तरी चालते."

घरी येऊन राखीनं हे सांगितलं, आणि सखाबाईच्या हातातली जपमाळ गळून पडली.

"त्या वांझेच्या मांडीवर माही नात? डोस्कं फिरलं काय वो तुह्यं? तिची नजर भुकेली हाये. घर खाल्लं, नवरा खाल्ला, आता लेकरू खाईन!"

"मंग मी काय करू, आत्याबाई? तुमाले दिसत नाई, मले गेल्याबिगर जमत नाई."

सखाबाई वाईट बाई नव्हती हो. एकादशी चुकवत नसे, दारी आलेल्याला उपाशी धाडत नसे, कीर्तनात हरिनामाचा गजर झाला की तिच्या डोळ्यांतून धार लागे. त्याच कीर्तनातलं तिनं काढलं. "कोपऱ्यातलं उखळ हाये ना मोहाच्या लाकडाचं? त्याले बांध. यशोदामाईनं परत्यक्ष देवाले उखळाले बांधलं होतं. देवाले काई झालं नाई, तं तुह्या पोरीले काय होते?"

कुलदीप जेवत होता. तो म्हणाला, "माय म्हणते तं बांध ना. चार दिवसाची तं गोठ हाये."

राखीनं मान खाली घातली. आमच्याकडे सुना मान खाली घालतात त्याला आपण संस्कार म्हणतो.

मंगळवारी तिनं सासूच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, एक टोक रंजूच्या कमरेला, दुसरं उखळाला. पुढ्यात मुरमुरे पसरले, पाण्याची वाटी ठेवली, बसायला पाट दिला. कडी बाहेरून लावली. पोथीला जाताना सखाबाई समोरच्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "कोणी माह्या उंबऱ्यावर पाय ठेवजो नोको! सावली पडली अन् पोरीले काई झालं, तं गावात राहू देनार नाई!"

चंद्रकांतानं जाळ्यातून मान वर केली नाही.

मंगळवार गेला, बुध गेला, बेस्तरवार गेला. पोरगी रडून रडून झोपे. संध्याकाळी मुरमुऱ्यांत तोंड खुपसून पडलेली सापडे. देवळात भोंग्यावर आख्यान चाले, चिखलात बाया गाणी म्हणत, आणि त्या दोन आवाजांच्या मधे एक तिसरा आवाज होता. तो फक्त चंद्रकांताला ऐकू जाई.

शुक्रवारी सकाळी रंजूचं झबलं वर करताना राखीला तिच्या कमरेभोवती लाल वळ दिसला. कातडी सोलवटली होती. राखीनं तिथं खोबरेल लावलं, फुंकर घातली. पोरीनं आईच्या गळ्याला मिठी मारली ती सोडेना. बाहेर रिता हाक मारत होती. राखीचा जीव कळवळला, आणि त्या मायेपोटी तिनं गाठ सैल बांधली. चार बोटं सैल.

देवा, आईच्या हातून माया घडली, आणि तीच वैरीण झाली.

दुपारी बांधीत ओळ अर्धी झाली होती. राखीची छाती दाटून आली, दूध पाझरून चोळी भिजली. ती पाठ सरळ करायला उभी राहिली तेव्हा धुऱ्यावरून कोणीतरी धावत येताना दिसलं. पदर पडलेला, केस सुटलेले, पाय घसरत होते तरी धावत होतं. ज्या बाईला वस्तीनं आपल्या लेकरांपासून लांब ठेवलं होतं, तिच्या दोन्ही हातांवर रंजू होती. मान लोंबत होती. ओठ जांभळे.

"राखी वो! श्वास हाये! अजून श्वास हाये!"

गाणं तिथंच तुटलं. रितानं चिखलाच्या हातांनी मोबाईल काढून एकशेआठला फोन लावला. चंद्रकांता धुऱ्यावर गुडघे टेकून पोरीच्या तोंडात तोंड घालून फुंकत होती. या वेळी कोणालाही तिची सावली दिसली नाही.

रंजू पाटावरून उखळावर चढली होती, आणि पलीकडून खाली घसरली. पट्टी आखूड होती. सैल फास कमरेवरून वर सरकत गळ्यापाशी गेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ अशी होती?"

राखीनं चंद्रकांताकडे पाहिलं. चंद्रकांतानं भिंतीकडे. "रडनं बंद झालं ते मले समजलं. रोज झोपते तसं नव्हतं ते. मधातच तुटलं. मी उठलो. कडीले हात लावला... अन् उभी राहिलो. सखाबाईची गोठ याद आली. मनलं, झोपली असन. मनलं, मी दार उघडलं अन् पोरीले काई झालं असन, तं माह्यावरच येईन. जाळ्याच्या पंधरा-वीस गाठी मारून होईन, इतका वेळ मी कडी धरून उभी राहिलो, राखी. मंग राहवलं नाई. इळीनं पट्टी कापली."

डॉक्टर लिहीत राहिले.

रंजू वाचली. बारा दिवसांनी घरी आली. पण उजवी मूठ वळत नव्हती, आणि ते तीन शब्द गेले होते. कुलदीपनं टोपलीतली जिवंत मासोळी तिच्या डोळ्यांपुढे धरली. ती बघत राहिली. "मासा म्हण ना वो बाई, मासा," म्हणता म्हणता तो टोपलीपाशीच बसून रडला. "हळूहळू येईल, रोज हात चोळा, रोज बोला तिच्याशी," असं डॉक्टर म्हणाले होते. येईल की नाही, ते देव जाणे.

आणि वस्ती काय म्हणत होती? "कडी उघडून आत गेली नं ते. मंग होनारच होतं." सखाबाईही दृष्ट काढताना तेच पुटपुटत होती. चंद्रकांताचं दार आता दिवसाही बंद असे.

जन्माष्टमीचा काला आला. तुलाराम महाराज उभे राहिले, हातात चिपळ्या, गळ्यात हार. गोड गळ्याचा माणूस. दरसाल तेच आख्यान, आणि दरसाल मांडव भरलेला. यशोदेनं दावं घेतलं. दावं दोन बोटं कमी पडतंय. माय दमली, घामाघूम झाली, तेव्हा मायेला भुलून देव आपणहून बांधला गेला. मांडवात हुंदके फुटले. सखाबाई पदर डोळ्यांना लावून डोलत होती.

तेवढ्यात बायांच्या बाजूनं राखी उठली. कडेवर रंजू, हातात लुगड्याची कापलेली पट्टी.

"महाराज, एक पुसू काय?"

टाळ थांबले. कोणीतरी "बस, बस" केलं. महाराजांनी हात वर केला. "पुस, बाई."

"यशोदामाईनं देवाले बांधलं, तवा ते रोवणीले गेली होती काय? कडी बाहेरून होती काय?"

"नाही, माय. घरातच होती. चार पावलांवर."

"माही पोट्टी उखळाले बांधून होती, महाराज. तुमचंच आख्यान आयकून बांधली आमी. अन् चार पावलावर जे बाई होती, तिले आमी उंबऱ्यावर येऊ देल्लं नाई. वांझ हाये मनून." राखीनं श्वास घेतला. "आनखीन एक सांगा. देव यशोदेच्या पोटचा होता काय?"

महाराजांच्या हातातल्या चिपळ्या खाली आल्या. ते हलकेच म्हणाले, "नव्हता, बाई. तीस वर्षं हे आख्यान सांगून राहिलो. रडवत आलो, विचार करायला लावलं नाही. ही चूक माझीही आहे." त्यांनी गळ्यातला हार उतरवला. "कुठं आहे ती माउली?"

"घरी हाये. दार लावून."

कोणी उठलं, कोणी नाही. दोन-चार म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवली, एक पुरुष "सुनेले लय तोंड फुटलं" म्हणून हसला. सखाबाई बसल्या जागी चाचपडत होती. राखीच्या हातातली पट्टी तिच्या हाताला लागली. ती तिनं ओळखली. तिच्याच लुगड्याची होती. तिनं ती डोळ्यांजवळ नेली, मग तोंडात कोंबली, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो कीर्तनातल्या रडण्यासारखा नव्हता.

महाराजांनी काल्याचा पहिला द्रोण चंद्रकांताच्या दारात नेऊन ठेवला. दार उघडलं की नाही, हे पाहायला राखी थांबली नाही. द्रोणानं दार उघडत नसतं, हे तिला कळलं होतं.

दुसऱ्या सकाळी निंदणाला निघण्याआधी ती रंजूला घेऊन समोर गेली. "काकी, आजपासून तुमच्यापाशी. कोणाले पुसून नाई आलो. रोज हात चोळा लागते तिचा, अन् बोला लागते."

चंद्रकांतानं हात पुढे केले. मग मागे घेतले. राखीनं पोर सरळ तिच्या मांडीवर ठेवली, पदराची गाठ सोडून मूठभर तांदूळ तिच्या ओटीत घातले, आणि वळली. आतून चंद्रकांताचा आवाज हलकेच येऊ लागला. "हे पाय, रंजू. हे जाळं. अन् हे मासा. मासा..." उत्तर नव्हतं. तरी ती बोलत राहिली.

पाच घरं ओलांडून राखी वाटेला लागली, आणि थबकली. टिकारामच्या घराला कडी बाहेरून होती. आत एक लेकरू रडत होतं. पुढून रिता ओरडली, "चल ना वो! कोणाच्या घरचं आपल्याले काय करायचं?"

देवळाच्या भोंग्यावर सकाळचं भजन लागलं होतं. आतलं रडणं मधेच तुटलं.

राखीनं एकही गाठ मोजली नाही. तिनं कडी काढली.