उरल्यासुरल्याचा दिवाळसण

दिवाळी होऊन आठवडा उलटला आणि मग जावयाची तार आली, गुरुवारी सकाळी पोचतो म्हणून. साल चौऱ्याहत्तर. उसाचा हंगाम नुकताच सुरू झालेला, त्यामुळे ऐन पाडव्याला कारखान्याने रजा दिली नव्हती. जावई म्हणजे रुपराव, प्रयागबाईंच्या इंदूचा नवरा. लग्नानंतरची पहिली दिवाळी, पहिला दिवाळसण, आणि माणूस नोकरीला नगरकडच्या साखर कारखान्यात. बाकी सगळं ठीक होतं, कारखान्याचं तेवढं प्रयागबाईंच्या छातीवर बसलं.

कारण घरात साखर नव्हती. रेशनची साखर लाडवांत गेली, लाडू नातेवाइकांत गेले, आणि पुढची साखर एक तारखेला. डब्याच्या तळाशी उरली होती ती मुंग्यांपुरती, आणि मुंग्याही तिथं फार वेळ थांबत नव्हत्या.

महाल वस्तीतल्या त्या गल्लीत तार आधी शेजारच्या भीमाबाईंना कळायची, मग ज्याची त्याला. त्या लगेच आल्या. "रोज पोत्यानं साखर पाहते तो मानूस," त्या म्हणाल्या. "त्याले फिक्कं चालन का वं?" मग वाटीभर साखर देऊ का, असंही विचारलं. प्रयागबाईंनी घरी पोतंभर पडली आहे म्हणून सांगितलं. या एका वाक्याने गल्लीतली सगळी दारं त्यांना बंद झाली.

त्यांनी फराळाचे डबे उघडले. चिवड्यातले शेंगदाणे वामनरावांनी, म्हणजे यजमानांनी, चार दिवस बसून वेचून खाल्ले होते. चकली एकही अख्खी नव्हती. शेवेचा भुगा झालेला. शंकरपाळे पुष्कळ होते, कारण ते साखर संपता संपता केलेले, आणि इतके फिके की वामनराव ते लोणच्याशी खात.

वामनरावांनी एक तोड काढली. कोणीतरी वारल्याचं सांगू, सुतकात गोडाचा प्रश्नच येत नाही. कोण वारलं, असं विचारल्यावर त्यांनी स्वतःच्या थोरल्या काकांचं नाव सुचवलं. काका तिथंच बसून बिनसाखरेचा चहा पीत होते. त्यांची काही हरकत नव्हती. इंदूला वाईट वाटेल एवढंच ते म्हणाले. प्रयागबाईंनी दोघांनाही स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि पदर खोचला.

चकल्यांचे तुकडे खलबत्त्यात कुटले. त्यात वाटलेली डाळ आणि शेवेचा भुगा मिसळून गोळे वळले, ते ताकाच्या उकळत्या कढीत सोडले. चिवड्यावर पाण्याचा हबका मारला आणि भरपूर कांदा परतून त्याला वाफ आणली. शंकरपाळ्यांची पूड दुधात शिजवली, गोडीला म्हणून खारकेची भुकटी टाकली. वामनराव काटोलची संत्री घेऊन आले. त्यांच्या फोडी सोलून ठेवल्या आणि खीर पार गार झाल्यावरच आत सोडल्या. गरम दुधात संत्रं पडलं की दूध नासतं, आणि या खेपेला दुधाबरोबर अब्रूही नासली असती.

रुपराव इंदूला घेऊन आले. मोठ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. पाट मांडला, ओवाळणं झालं, ताट वाढलं. भीमाबाई चाळणी परत करायच्या निमित्ताने उंबऱ्याशी येऊन बसल्या. चाळणी त्यांचीच होती.

रुपरावांनी खिरीचा एक घोट घेतला. थांबले. वाटीत पाहिलं.

"मामी, यात साखर घालाची राह्यली का?"

भीमाबाई पुढे सरकल्या. प्रयागबाईंनी उत्तर तयार ठेवलं होतं, आमच्या माहेरची रीतच अशी, म्हणून. तोंडातून मात्र भलतंच निघालं, म्हणजे खरंच.

"राह्यली नाही, जावाईबापू. घरात नव्हतीच. आन् हे ताटातलं सारं उरलेलं हाय. हे कढीतले गोळे म्हंजे मागच्या हप्त्याच्या चकल्या."

वामनरावांनी काकांकडे पाहिलं. काका अजूनही तयार होते.

रुपरावांनी वाटी खाली ठेवली आणि फार काळजीने विचारलं, "मंग उद्याले काय उरन?"

याचा अर्थ कोणाला लागेना. शेवटी इंदूने उलगडून सांगितलं. हे कारखान्यात लागले तेव्हापासून जिथं जातील तिथं लोक यांच्या मानाखातर दुप्पट साखर घालतात. चहात चमचा उभा राहतो. एका घरी तर यांच्या पिठल्यात साखर निघाली. दिवसभर मळीच्या वासात राहून संध्याकाळी माणूस मिठाकडे पाहत बसतो. उरलंसुरलं तेवढं यांच्या मानाखातर कोणी गोड करत नाही. ती हे सांगेस्तोवर रुपरावांनी तिसऱ्यांदा कढी मागून घेतली होती आणि खिरीतली संत्र्याची फोड ते डोळे मिटून चघळत होते.

प्रयागबाई चुलीकडे तोंड करून बराच वेळ हसत होत्या.

रजा रविवारपर्यंत होती आणि रुपराव ताज्या अन्नाला हात लावायला तयार नव्हते. शुक्रवारी भीमाबाई स्वतःहून अनारसे घेऊन आल्या, गोड म्हणून परत गेल्या, आणि मोडकी कडबोळी घेऊन पुन्हा आल्या. मग अख्खी गल्ली डबे घेऊन लोटली. प्रयागबाई पाटावर बसून निवाडा करत होत्या, कोणाची शेव कोणाच्या चिवड्यात जाईल आणि कोणाच्या शंकरपाळ्यांना किती फोडी लागतील. ज्यांचे शंकरपाळे जास्त गोड निघाले त्या बायका मान खाली घालून घरी गेल्या.

शनिवारी दुपारी गल्लीतला शेवटचा डबा रिकामा झाला. मग प्रयागबाईंनी भाजणी भिजवली, घाणाभर ताज्या चकल्या तळल्या, परातीत पसरल्या, आणि त्या शिळ्या होण्याची वाट पाहत सगळे भोवती बसून राहिले.