म्हातारीला वेळ द्या

बॅटरी सव्वीस मिनिटं दाखवत होती, तेव्हाच सर्व्हरवालीनं सगळं बंद करायला घेतलं. भरदुपारी वीज गेलेली, जनरेटर सुरू व्हायचं नाव घेत नव्हता, आणि हॉस्पिटलचा सगळा कारभार तिच्यासमोरच्या एका काळ्या यंत्रावर, म्हणजे होस्टवर. त्या होस्टच्या पोटात पाच कंटेनर, म्हणजे पाच छोटी यंत्रंच, आपापला संसार थाटून बसलेली. होस्टनं बाहेरून हुकूम सोडायचा, आतल्यानं आवराआवर करून दार लावून घ्यायचं, अशी रीत. चौघांनी निमूट ऐकलं. पाचवी रक्तपेढीची, तिला सगळे म्हातारी म्हणत. ती ढिम्म.

फार जुनी होती ती. बाहेरचा हुकूम तिच्या कानात शिरतच नसे. अशांसाठी जबरदस्तीचा हुकूम होता, एका झटक्यात मारून टाकायचा. दोन महिन्यांपूर्वी देखभालीसाठी बंद करताना, घरी जायच्या घाईत, सर्व्हरवालीनं तोच दिला होता. सकाळच्या तपासण्या म्हातारीनं अजून डिस्कवर उतरवल्या नव्हत्या, त्या गेल्या. कोणती पिशवी तपासलेली, कोणती नाही, कळेना, आणि एकोणचाळीस पिशव्या रक्त फेकून द्यावं लागलं. त्या दिवशी वीज दोनदा लुकलुकली होती, तेवढं निमित्त पुरलं. सगळ्यांनी विजेला शिव्या घातल्या, हिनंही सूर मिसळला. पण चोराच्या मनात चांदणं. तेव्हापासून दिवा जरा मिणमिणला तरी ही दचकून पडद्याकडे बघायची.

साहेबांचा फोन आला. बॅटरी संपून होस्टच कोसळला तर बंद झालेल्या चौघांसकट पाचांचंही वाटोळं होईल, मारून टाक म्हातारीला, असं सांगून त्यांनी फोन ठेवलासुद्धा. बॅटरी तेरावर आली होती.

एकच वाट उरली होती. म्हातारीच्या आत शिरायचं आणि आतूनच तिला बंद करायचं. त्यातही मेख होती. पडद्यावर आतली खिडकी आणि बाहेरची खिडकी दिसायला सारखीच. चुकून बाहेरच्या खिडकीत हुकूम टाइप झाला की होस्टच झोपणार. तिनं खिडकीवरचं नाव तीनदा वाचलं, शाळेतल्यासारखे ओठ हलवून. मग तिला दिसलं, आत कुणीतरी अजून काम करत होतं, आणि कुणाच्या नोंदी उघड्या असेतो म्हातारी दार लावून घेत नसे.

तिनं रक्तपेढीच्या ताईंना फोन लावला. पिशव्यांच्या नोंदी भरून झाल्या होत्या, पण आता ताई लॅपटॉपवरून सगळं कागदावर उतरवून घेत होत्या.

"पंधरा मिनिटं लागतील मला," ताई म्हणाल्या. "मागच्या वेळी सेव्ह केलेलंही गेलं. विजेचा काय भरवसा?"

बॅटरी नऊ.

"मागच्या वेळी विजेनं काही केलं नव्हतं, ताई. मी मारलं होतं म्हातारीला. आज नाही मारणार. तुम्ही फक्त बाहेर पडा."

मग पडद्यावरून ताईंचं नाव गेलं.

तिनं हुकूम दिला. म्हातारी एकेक कप्पा आवरत बसली, आणि घाई तिला माहीतच नव्हती. सहा. चार. जबरदस्तीच्या हुकमाकडे जाणारा उजवा हात सर्व्हरवालीनं डाव्या हातानं धरून ठेवला. तीनवर म्हातारी बंद झाली, सगळं डिस्कवर उतरवून. मग सर्व्हरवालीनं होस्टही बंद केला. पंख्यांची घरघर थांबली.

फोन अजून चालूच होता.

"उतरलं सगळं?" ताईंनी विचारलं.

"उतरलं."

"मग तिथंच थांब. मी वर येते."

जिन्यावर चपला वाजायला लागल्या. सर्व्हरवाली उठली आणि दार उघडून उभी राहिली.