धुळीआडचं तेज दाखवणारा कॅमेरा

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, पण माझ्यासमोर नटूनथटून उभे राहू नका. नव्या साडीचा रंग मला कळत नाही. मला फक्त ऊब दिसते. तुमच्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मी पकडतो आणि पडद्यावर रंगवतो. गार ते निळं, गरम ते पिवळं, फार तापलेलं ते पांढरंशुभ्र.

माझी उमेदीची वर्षं विजेच्या तारा तपासण्यात गेली. नवे कॅमेरे आले आणि मी अडगळीत पडलो. तिथून मला उचललं तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या, जुन्या तंजावरी मराठी घरातल्या अलमेलूबाईंनी. त्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी माझं भिंग मऊ कापडानं पुसलं आणि मला चक्क आकाशाच्या तासाला नेलं. त्यांचे उपकार मी कसे फेडू?

बाई मुलांना काही अजब दीर्घिकांची गोष्ट सांगत. दोन दीर्घिका एकमेकींवर आदळतात, वायू एकवटतो आणि ताऱ्यांचं जणू पीक येतं. पण भोवती धूळ इतकी दाट, की प्रकाश ती गिळून टाकते आणि स्वतः तापते. साध्या दुर्बिणीला अंधुक ठिपका दिसतो. अवरक्त किरणांत पाहावं, तर एक लाख कोटी सूर्यांहूनही जास्त तेज! मी स्वतः त्यातली एकही पाहिलेली नाही. तेवढी माझी पोच नाही, पण ऐकून ऊर भरून यायचा. मुलांना मात्र ते पटेना. "काळं ते तेजस्वी कसं, टीचर?" एवढंच विचारत.

त्यांना दाखवायला एक चित्र हवं म्हणून बाई मला जवळच्या स्वामीमलैला, धातूच्या मूर्ती ओतणाऱ्यांच्या गावी, घेऊन गेल्या. तिथं मूर्तिकार अश्विन यांच्याकडे बाईंच्या वडिलांची, अप्पाजींची, रखुमाई ओतली जात होती. त्यांच्या भजनमठात विठोबा चाळीस वर्षं एकटा उभा होता, आणि ब्याऐंशीच्या अप्पाजींना हे जोडपं डोळ्यांदेखत एकत्र पाहायचं होतं.

पहाटे पंचधातू ओतून झाला होता. मातीचा साचा खड्ड्यात काळाठिक्कर उभा होता. अश्विन म्हणत होते, उद्यापर्यंत थांबा. पण तो शुक्रवार. साडेदहाला राहुकाळ लागणार होता आणि त्याआधीच मूर्ती बाहेर यावी, असा अप्पाजींचा हट्ट. थोरांपुढे अश्विन यांचं काही चालेना. त्यांनी हातोडी उचलली.

"तांबडें कुठें दिसतें? सगळें निवलें की," अप्पाजी लेकीला म्हणाले. साचा फोडण्याआधी नमस्कार करावा म्हणून ते वाकले आणि त्यांनी तळहात पुढे केला.

बाईंनी झटकन मला मध्ये धरलं. माझा पडदा पांढरा झाला.

"अप्पा, हात मागें घ्या. पाहा हें."

अप्पाजी बघतच राहिले. "एवढी आग आहे आंत?"

"आहे. आतां फोडलें तर रखुमाई तडकेल, तुमचा हातही भाजेल."

त्यांनी हात मागे घेतला. मग अश्विन यांना तमिळमध्ये म्हणाले, "राहू दे. उद्या." एवढ्या वर्षांच्या माणसानं एका यंत्राचं ऐकलं, हे मी आयुष्यात विसरणार नाही.

बाईंनी ते चित्र वर्गात लावलं. मग कुणी शंका काढली नाही.

दुसऱ्या दिवशी साचा फुटला. रखुमाई अखंड निघाली, नाकाच्या शेंड्यापर्यंत. अप्पाजींनी मला मागून घेतलं आणि स्वतःच्याच तळहातावर रोखलं. सुरकुतलेला हात पडद्यावर पिवळाधमक दिसला. ते हसले आणि त्याच हातानं त्यांनी रखुमाईला कुंकू लावलं.

मित्रांनो, मी फार सुखी कॅमेरा आहे. एकच विनंती. काही काळं, थंड, संपलेलं वाटलं, तरी हातोडी उचलण्याआधी एक दिवस थांबा.